पल्लवीची बॅच

१२ ऑग., मंगळ.
सेकंड इयरच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलच्या बॅच सरांनी वाटून दिल्या. मंगळवारची माझी, बुधवारची पल्लवीची. दोघींची पीएचडी सरांकडेच, एकाच वर्षी लागलो. सर म्हणाले, "असिस्टंटचं काम सोपं आहे. पोरं सुखरूप घरी गेली पाहिजे, अन् काही शिकून गेली पाहिजे. बस." मी लिहून घेतलं. प. नुसती मान हलवत होती.

४ सप्टें., गुरु.
पोरं मला मॅडम म्हणतात, उठून उभी राहतात. तिला ताई. आज पायऱ्यांवर तिच्याभोवती बसून तर्री-पोहे खात होती. त्यात माझ्या बॅचची पण होती. मी बाजूनं गेले तर सगळी गप्प. टायट्रेशन मी पुन्हा पुन्हा करून दाखवते. ती म्हणते, आधी चुका, मग बघू. तरी तीच आवडते. असो.

१० सप्टें., बुध.
बाटली घ्यायला लॅबमध्ये गेले. प.ची बॅच चालू, प.चा पत्ता नाही. स्नेहल नावाच्या मुलीच्या हातावर ॲसिड उडालेलं, ती ओढणीनं पुसत होती. धरून नळाखाली घातला हात, बराच वेळ. लाल झाला, फोड नाही आला. म्हणते, "मॅडम, ताईले नका सांगू, त्यायले टेन्शन येईन." हात हिचा भाजला आणि काळजी ताईची.
प. आली. बॅचमधलीच एक मुलगी बाहेर रडत होती, वडील दवाखान्यात आहेत, तिच्याजवळ बसली होती म्हणे. झालं ते मी सांगितलं, तशी पांढरी पडली.
सरांकडे गेले नाही. राहू दे म्हटलं.

१२ सप्टें., शुक्र.
पुढच्या सत्रात पूर्ण लॅब आमच्यातल्या एकीलाच देणार. सर मलाच विचारतात, "पल्लवी एकटी सांभाळीन का? तुले काय वाटते?"
ॲसिड, नळ, स्नेहल, सगळं जिभेवर आलं. खोटं तर काहीच नव्हतं. सांगणं कामच आहे माझं. मग इतकं गोड का वाटत होतं?
"विचार करून सांगते, सर."

१३ सप्टें., शनि.
सकाळी प. स्वतःच सरांकडे गेली. सगळं सांगून आली. सर मला म्हणाले, "हिंमत लागते असं सांगाले." म्हणजे चूक तिची आणि कौतुकही तिचंच.
बर्डी स्टेशनपर्यंत मेट्रोत सोबत होतो. म्हणाली, "तू हात धुतला तिचा, हे पण सांगितलं मी सरले. तू नसती तं काय झालं असतं वं."
थोडी तरी वाईट असती ही, तर बरं झालं असतं.

१५ सप्टें., सोम.
सरांनी बोलावलं. पुढच्या सत्राचा विषयच नाही.
"बुधवारी तू तिथं होती. मले त्याच दिवशी काहून नाही सांगितलं?"
"हात लगेच धुतला होता, सर," मी म्हटलं.
"पोरीचा हात होता तो," सर हळूच म्हणाले. "उद्या बॅचच्या आधी ये. काहून ते तेव्हा सांग."
प.ला वाचवायचं होतं, हे सांगता येईल. सरांना पटेल. प. तर हो म्हणेलच, तशीच आहे ती.
खरं वाक्य लहान आहे. सर, मी ते कामी येईल म्हणून ठेवून दिलं होतं. मोठ्यानं म्हणून बघितलं. 'कामी येईल'पर्यंत येतं, मग पुन्हा 'सर'पासून सुरू करते.