ई-क्लासच्या माळावरचा अणू

सर, तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली आणि आज पहिल्यांदाच तुमच्यावर चिडावंसं वाटतंय. नववीत मी गाईडमधलं उत्तर पाठ करून लिहिलं होतं, अणुऊर्जा हा मानवजातीला शाप आहे. तुम्ही वही उंच धरून विचारलंत, "हे तुले कोनं सांगतलं? कोयश्याच्या धुरानं मानसं मरत नाईत काय? दोन्ही पाह्य, मंग लिह्य." मी वर्गासमोर रडले. शाळा सुटल्यावर तुम्ही मला घरी नेलंत, काकूंनी पोहे केले, आणि अजून डोळ्यांसमोर आहे, चुलीपाशी बसून तुम्ही ताटलीत शेंगदाणे मांडून अणू कसा फुटतो ते दाखवता आहात, मी खायचं विसरून बघते आहे. त्या दिवसापायीच मी विज्ञानाची शिक्षिका झाले.

गेल्या महिन्यात गुरं चरतात त्या आपल्या सरकारी ई-क्लास जमिनीवर दोन माणसं मोजमापाला आली. सोलरच्या प्लेटा बसणार होत्या, शेतीला दिवसा वीज मिळणार होती. संध्याकाळपर्यंत मोबाईलवर निरोप फिरला की गावात अणुभट्टी येते आहे. ग्रामसभा भरली. मी उभी राहून म्हणाले, अहो, भट्टीला धरणभर पाणी लागतं, आपल्याकडे प्यायला टँकर येतो. तेवढ्यावर बसले असते तर निभावलं असतं. पण तुम्ही आठवलात, आणि मी बोलून गेले की ऊनपाऊस इतका बिघडला आहे, तर कोळशाऐवजी अणूचाही विचार करायलाच हवा. सभा उसळली. "मॅडम काहून कंपनीची बाजू घेऊन राह्यल्या?" दिवसा वीज द्या म्हणून ज्यांनी रस्ता अडवला होता, तेच ओरडत होते. मग शेजारची म्हातारी शांतपणे म्हणाली, "बाई, तू तुह्या लेकराले घेऊन त्या भट्टीपाशी राह्यशीन काय?" मी खाली बसले. कारण खरं उत्तर 'नाही' असं होतं.

प्लेटाही नकोत, भट्टीही नको, असं ठरलं. मोजणारी माणसं परत आली नाहीत, विहिरींवरच्या मोटारी अजून रात्रीच्याच विजेवर चालतात. लोकांचा संताप येतो, तुमचाही येतो; दोन्ही बाजू पाहायला शिकवलंत, सगळं गाव समोर असताना टिकून कसं राहायचं ते नाही. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. ठरावाचा मजकूर कुणाला जमेना. मी कागद ओढून घेतला, नीट लिहून दिला आणि खाली पहिली सही केली. मला कुणी म्हटलंही नव्हतं, सर.