लापशीच्या पातेल्यातली कोंबडी

आईस गुडघे टेकून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझी पाठ कशी आहे? तळ्यावरची मासळी वाळली का?

काल आमच्या बालवाडीत जिल्ह्याचे साहेब आले होते. सभेचा विषय काय, तर 'मुलांची पहिली पाच वर्षं आणि सरकारचं धोरण'. सभेला जागा हवी म्हणून मुलांनाच उन्हात बाहेर काढलं! त्यांच्या लापशीच्या पातेल्यात पाहुण्यांची कोंबडी शिजली. पाहुणे आधी, हे आपल्याकडे ठरलेलंच. पोरं मात्र सकाळपासून उपाशी.

झाकण वाजलं तशी ती रोजच्यासारखी कप घेऊन रांगेत उभी राहिली. तीन वर्षांची तमांडा साहेबांपुढे गुडघे टेकून, टाळ्या वाजवून "झिकोमो" म्हणाली. घेण्याआधी आभार मानायचे, हे मीच शिकवलंय गं! साहेब हसले, "वा, काय वळण लावलंय!" म्हणाले आणि तंगडी चघळत राहिले.

माझं डोकंच फिरलं. "साहेब, पोरगी जेवण मागतेय!" म्हटलं, पातेलं उचललं आणि सगळं मुलांना वाढून टाकलं. मोठ्या बाई ओरडल्या, "तियामिके, पाहुण्यांसमोर लाज आणलीस!" म्हटलं, "बाई, लाज सकाळीच गेली, पोरांना बाहेर काढलं तेव्हा."

नोकरीचं बघू. तू काळजी करू नकोस.

माझ्या लिंबानीला पोटभर घालतेस ना? दारात कुणीही येवो, आधी माझ्या लेकाला वाढ. पाहुण्यांना म्हणावं, बसा जरा.

तुझी लेक,
तियामिके