वहीतली किंमत

अकोला, ९ जून २०२५

ती. तानुबाई वन्सं यांना दुर्गाचा शि. सा. न. वि. वि.

आपले पार्सल काल पोचले. ह्यांच्या साखरेच्या आजारावरच्या गोळ्यांच्या नऊ पट्ट्या, शेवया आणि अंबादेवीचा अंगारा. गोळ्यांचे आठशे दहा व टपालाचे बासष्ट भेटीत देईन, नाही म्हणू नका.

कंपनीच्या गोळीला महिन्याला एकवीसशे जात होते. जेनेरिकला दोनशे सत्तर. औषध तेच, असे डॉक्टरच म्हणाले. पण आपले बंधू ऐकतील तर ना! मास्तरकी सुटली, हट्ट सुटला नाही. स्वस्त गोळी म्हणजे खडूची भुकटी, मले नको, म्हणतात.

म्हणून मी गोळ्या पट्टीतून सोडवून कंपनीच्या जुन्या बाटलीत भरल्या. महिनाअखेर हे माझी हिशेबाची वही वाचतात, तेव्हा वहीतही एकवीसशेच लिहिले. उरलेले देवघरातल्या डब्यात ठेवते. इतक्या वर्षांत खोटा आकडा हा पहिलाच. देवापुढे नाक घासले. फोनवर यातले काही काढू नका, हे शेजारीच बसलेले असतात.

माया पातळ होऊ देऊ नये.

आपली, दुर्गा

अमरावती, १२ सप्टेंबर

चि. सौ. दुर्गास अ. उ. आ.

पुढच्या नऊ पट्ट्या धाडल्या आहेत. वर्षभर मी हीच गोळी खाते. साखर ताब्यात आहे, अन् अजून तरी माझा खडू झाला नाही!

पण बाई, ते वहीतलं मले खटकून राहिलं. माझा भाऊ खुशाल कसा आहे, तुले माहीत नाही काय? जत्रेले आठ आणे दिले तर सहा आणे मायच्या हातावर परत ठेवायचा. पायाची जखम महिनाभर भरली नाही लिहितेस, अन् गोळी चालू आहे म्हणून तो रक्त तपासायले टाळून राहिला. आधी त्याले तपासायले ने. अन् खरी किंमत सांगून टाक. रागावला तर माझं नाव घे.

देवी पाठीशी आहे.

तानुबाई

अकोला, १६ ऑक्टोबर

ती. वन्सं यांना शि. सा. न.

आपले ऐकायला हवे होते. मंगळवारी ह्यांच्या डाव्या पायाची दोन बोटे काढली. साखर चारशेच्या वर निघाली. गोळी रोज घेता ना, असे डॉक्टरांनी विचारले. हे म्हणाले, एक दिवसाआड घेतो. हिची चप्पल तीन वर्षांची, अन् माझ्या गोळीले महिन्याचे एकवीसशे, मी वहीत वाचतो ना. मी तिथेच उभी होते.

संध्याकाळी ह्यांनी घरून जुनी कंपासपेटी आणवली. न घेतलेली गोळी बाटलीतून काढून हे त्यात टाकत. बाटली रिकामी होत होती, म्हणून मला कळलेच नाही. दहा-दहाच्या सहा पुड्या. म्हणाले, या चार हजारांच्या वर आहेत, आता दोन महिने आणू नको. त्या पैशात चिखलदऱ्याले जाऊन येऊ, तुले कधी कुठं नेलं नाही.

साठ गोळ्या, वन्सं. पाचशे चाळीस रुपयांच्या.

डॉक्टर म्हणतात, साखर उतरली नाही तर पाऊल जाईल. पाडवा झाला की घरी सोडतील. खरे सांगितले नाही तर हे पुन्हा वाचवू लागतील. सांगितले तर बोटे कशापायी गेली, ते ह्यांना कळेल. रोज पोथी उघडते, पण अक्षर लागत नाही.

आपण येऊन सांगता, की मीच सांगू? उलट टपाली कळवा.

दुर्गा