बारा मात्रा आणि नातीची गिटार

सगळ्यात आधी आला सुतार, हाताला भुसा तसाच. पाठोपाठ वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई, आता निवृत्त. दोघं साक्षीला आले आहेत, म्हणून या कागदातून त्यांना काही मिळणार नाही. वकिलाच्या कारकुनानं तसं बजावलं आहे. नर्सबाईंनी मला आजचा वार विचारला, मुलं किती ते विचारलं. सगळं बरोबर आलं. तेव्हा मी, वय चौऱ्याहत्तर, शाळा तिसरीपर्यंत, धंदा शिवणकाम, डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्याही धाकाशिवाय हे लिहिते. धाक दाखवायला आता उरलंय तरी कोण?

१. राहत्या दोन खोल्या मुलाला. सुनेनं पडदे बदलावेत. मी शिवलेत म्हणून बिचारी इतकी वर्षं गप्प आहे.

२. पोस्टात आहे ते मुलीला. तिनं कधी तोंड उघडून मागितलं नाही, म्हणून तिलाच.

३. शिलाई मशीन आणि मोठी कात्री कोपऱ्यावरच्या शिवणवर्गाला. चाळीस वर्षं या मशीनवर मी शाळांचे गणवेश शिवले. टाका इतका एकसारखा, की मुकादम नव्या बायकांना माझी शिवण दाखवायचा. कात्रीनं कागद कापू नये. कापलाच, तर मी येऊन बघेन.

४. शेजारच्या मास्तरांना काही नाही. सहा वर्षं भिंतीवर मुठी आपटल्या त्यांनी. त्यांच्या मुठी माझ्या वाजवण्यापेक्षा लयीत पडतात, याचा राग जास्त आहे.

५. गिटार. हे कलम मी मागच्या आठवड्यात असं लिहिलं होतं: गिटार नातीला आजच द्यावी, माझ्या मरणाची वाट बघू नये, मला जमत नाही.

गिटार तिचीच. वसतिगृहात जाताना माझ्याकडे टाकून गेली. मग एकदा फोनवर एक बाई गिटारवर फ्लॅमेंको, म्हणजे ते स्पेनच्या लोकांचं संगीत, वाजवताना दिसली. बोटं अशी उलगडत होती जशी कापडाची घडी झटकावी. म्हटलं, हे आपल्याला आलंच पाहिजे. बाजारातला गिटारवाला मास्तर म्हणाला, "आजी, त्यापेक्षा विणकाम करा." म्हणून फोनच गुरू केला. कापडाला अडकू नयेत म्हणून जन्मभर बारीक कापलेली नखं वाढवली, मोडली की डिंकानं चिकटवली. बोटं वळली. पण त्यांच्या त्या बारा मात्रा! तिसरी, सहावी, आठवी, दहावी आणि बारावी ठासून वाजवायची, बाकीच्या हलक्या. माझ्या बाराच्या बारा सपाट. सहा वर्षं. नातीला हातांचा व्हिडिओ पाठवला की म्हणायची, "बोटं बरोबर आहेत गं, पण मजा येत नाही." पोरगी खोटं बोलत नाही, हीच तर पंचाईत. किती वेळा गिटार पिशवीत कोंबली आणि किती वेळा परत काढली, देव जाणे.

आज हे कलम वाचून दाखवलं, तर सुतार म्हणाला, द्यायचीच आहे तर एकदा ऐकवा तरी. वाजवलं. तो जांभई दाबत होता. नर्सबाई मात्र माझ्या हातांकडे बघतच नव्हत्या.

"अहो आजी," त्या म्हणाल्या, "तुमचा पाय मशीन चालवतोय."

खाली बघितलं, तर खरंच. टाच, चवडा, टाच, चवडा, गणवेश शिवल्यासारखा एकसारखा. ज्या पायाचं चाळीस वर्षं कौतुक झालं, तोच मेला माझ्या मात्रांवर इस्त्री फिरवत होता. व्हिडिओत नुसते हात, मग पोरीला तरी कसं कळावं?

सुतारानं मला उचलून टेबलावर बसवलं, पाय अधांतरी. तिसरी पडली. सहावी पडली. आठवीला घसरले आणि तोंडातून शिवी गेली. नर्सबाईंना म्हणे ऐकू आली नाही. सहा वर्षं फुकट गेल्याचा संताप आहे, पण काय सांगू, हसूही आवरत नाही.

म्हणून वरचं कलम खोडलं आहे. गिटार नातीलाच, पण माझ्यामागे. एक दिवसही आधी नाही. तिनं घाई करू नये. मी सध्या आठवीवर आहे.

सही माझी स्वतःची, अंगठा नाही.
साक्षीदार: सुतार (सहीवर भुसा पडला आहे, तो मोजू नये), नर्सबाई, वरचा मजला.
ठिकाण: स्वयंपाकघरातलं टेबल, मी अजून त्याच्यावरच. तारीख चौदा, मंगळवार.

दोन्ही साक्षीदारांनी पुढच्या शुक्रवारी, चोवीस तारखेला, बाराव्या मात्रेपर्यंत ऐकायला परत यायचं कबूल केलं आहे.