सशाचा डूख

९ मे, शुक्रवार

खळ्ळ!

साठ वर्षं झाली, अजून कानात आहे तो आवाज. चाकणजवळचं आमचं गाव, चौथीचा वर्ग, शाळा तपासायला दिपोटीसाहेब आलेले. मी उभा राहून पाटाच्या पाण्याची कविता म्हणत होतो. पहिलं कडवं झालं, दुसऱ्यासाठी श्वास घेतला — आणि भिमाजीने मुद्दाम पाटी फरशीवर आपटली. माझं दुसरं कडवं जे गेलं ते गेलंच. साहेब हसले. गुरुजींनी मान खाली घातली.

आज पुन्हा सगळं वर आलं. सोसायटीत रोहिणीचा सत्कार होता. भिमाजीची नात, संशोधन करते. पोरगी गुणी. पण माईक आला आजोबाच्या हातात! "आमच्या घरात हुशारी कुठनं आली काय म्हाईत. वर्गात हुशार एकच व्हता — ह्यो काय बसलाय, दुसरं कडवं! उठ की रं, म्हण आता!"

सगळं अंगण हसलं. आमची पुतळाबाईसुद्धा, पदराआड!

शाळेतल्या त्या दिवसापासून ‘दुसरं कडवं’ हेच माझं नाव. गावात तेच, भोसरीच्या कंपनीत तेच, आता संत तुकाराम नगरात नेमका माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहून तेच. स्वतःचं नाव त्याच्या तोंडून ऐकलेलं नाही मी.

देवा, एकदाच संधी दे.

१० मे, शनिवार

दिली!

वरची मंडळी सकाळीच लग्नाला गावी गेली. मागून रोहिणीचं कुरियर आलं, वॉचमनने माझ्याकडे आणून दिलं. थर्माकोलचा डबा, आत बर्फ, बर्फात करंगळीएवढी कुपी. लगेच तिचा फोन — "आजोबा, लॅब सोमवारपर्यंत बंद, म्हणून घरचा पत्ता दिला होता. फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा हं. उन्हात राहिली तर गेली!"

"एवढं काय आहे गं त्यात?"

छान सांगते पोरगी. माणसाच्या पेशीत एक प्रथिन असतं. एका पेशीच्या दोन व्हायच्या वेळी ते कामाला लागतं. नुसत्या डोळ्यांना कुठलं दिसतंय! म्हणून त्याचा तुकडा सशाला टोचतात. सशाचं रक्त त्याला ओळखून ठेवतं. त्या रक्तातून काढतात ती ही अँटिबॉडी. पेशींवर घातली की हजारो प्रथिनांतून त्या एकालाच जाऊन चिकटते, आणि मग ते सूक्ष्मदर्शकाखाली चमकतं. "माझा सगळा प्रबंध या कुपीवर आहे, आजोबा."

बिचारा ससा! बालगीतात नुसता कापसासारखा. पण रक्त बघा — विसरत नाही. हजारांतून एकच चेहरा! याला आमच्याकडे डूख धरणं म्हणतात. सापाचं ऐकलं होतं, सशाचं आज कळलं.

मीही ससाच की.

११ मे, रविवार

कुपी बाहेर काढली. गॅलरीच्या कठड्यावर, तुळशीशेजारी ठेवली. दुपारभर. मे महिन्याचं ऊन!

पुतळाबाई — "अहो, पोरीचं ते औषध उन्हात कशाला?"

"कप्प्यात तुझे मटार आहेत. जागा कुठाय?"

"मग मटार काढायचे होते!" बडबडत आत गेली.

ऊन कलल्यावर परत गोठवली. बाहेरून कोण ओळखणार? आणि कठड्याशी उभं राहून खणखणीत म्हटलं —

पाटामधुनी आभाळ वाहे, ढगांची त्यात होडी,
कोवळ्या कोवळ्या मेथीला मग चढते न्यारी गोडी!

दुसरं कडवं. एकदाही अडखळलो नाही.

१२ मे

रोहिणी कुपी घेऊन गेली. जाताना पाया पडली. पडू दे.

१८ मे, रविवार

जिन्यात भिमाजी. आज हाकच नाही! कठड्याला धरून उभा. "पोरीचं काय बी चमकंना म्हणं. सर म्हणत्यात, तुझा हातच चुकतोय. जेवत न्हाई नीट."

"असं होय? अरेरे!"

काय गोड शब्द आहे, अरेरे! रात्री एक पोळी जास्त गेली.

२२ मे

रोहिणी गेटपाशी भेटली. डोळे सुजलेले. म्हणाली, "सोडते आता, आजोबा. चाकणला एखादी नोकरी बघते. माझ्या हातालाच गुण नाही."

तिने कुठे पाटी फोडली होती?

नको तो विचार. भिमाजीचीच नात आहे ती. सूड म्हटला की सूड! वर माणसं दबक्या आवाजात बोलतात, मी खाली ऐकतो. हेच मागितलं होतं ना?

पण आज कविता म्हणावीशी वाटली नाही.

२५ मे, रविवार

भर दुपारी बेल. दार उघडलं तर भिमाजी! या घरात आजवर पाऊल टाकलं नव्हतं त्याने. दोन्ही हातांत पांढरा डबा, प्रसाद धरावा तसा. धापा टाकत होता.

"आमच्या मजल्याची लाईट गेलीया. पोरीनं हिंजवडीत कुणाकडनं तरी उसनं आणलंय हे. सरांनी उद्याच्या दिवस येकदा करून बघ म्हटलंय, शेवटचं. म्हटलं, तुझ्याकडंच ठेवावं. मागच्या खेपेला तूच सांभाळलंवतंस ना, मुरारी."

मुरारी!

डबा घेतला. हाताला चटका बसला — बर्फाचा. आधी कप्प्यातले मटार बाहेर काढले.