लाल चांदीचा दगड

आबा, उजेडानं तो दगड काळा पडतो हे तुम्हाला ठाऊक होतं, की तुम्हाला खरंच नजरेची भीती वाटायची? याचं उत्तर मला आता कुणाकडूनच मिळणार नाही.

हुपरीच्या घरात तुम्ही पैंजणांच्या कड्या डाग देऊन जोडत बसलाय आणि लहानगी मी पेटीतून तो दगड काढते. एका म्हाताऱ्या सराफानं धंदा बंद करताना तुम्हाला दिलेला, परदेशी खाणीतला, डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल. तुम्ही तो माझ्या हातातून घेऊन काळ्या फडक्यात गुंडाळता. "उजेडाला दावू नगंस, नजर लागंल. चांदी हाय ती." भट्टीपाशी काका, तुमचे थोरले भाऊ, हसतात. "लाल चांदी म्हणं. उद्या हिरवं सोनं आणशील." पुढं गल्ली तुम्हाला 'लाल चांदी' म्हणूनच ओळखायला लागली. तुम्ही गेल्यावरही ते नाव गेलं नाही.

मी घरातली पहिली पदवीधर. नजरबिजर मानायची नाही, असं ठरवलेली. तुमच्यामागं मी फडकं टाकून दिलं आणि दगड तुमच्या फोटोपुढं ठेवला, कधीच न विझणाऱ्या बल्बखाली. चार वर्षं. तो काळवंडत गेला तेव्हा वाटलं, उदबत्तीचा धूर असेल. पैंजण घासतात तसा रिठ्याच्या पाण्यानं घासलासुद्धा.

गेल्या महिन्यात तो कॉलेजात नेला. सरांनी चिनी मातीच्या खरबरीत तुकड्यावर ओढला तर शेंदरी रेघ उमटली. मग यंत्रावर तपासला. चांदी, गंधक, आर्सेनिक. प्राउस्टाइट, खाणवाले ज्याला लाल चांदीच म्हणतात. "एवढा स्फटिक लाल राहिला असता तर संग्राहकांनी हात जोडून मागितला असता," सर म्हणाले. "आता आतल्या चांदीची काय किंमत येईल तेवढीच. उजेडात कुणी ठेवला?"

"घरच्यांनी," मी म्हणाले.

घरी आले तर काकांची मूस तापलेली. "काय म्हणलं तुझं सर? चांदी असंल तर आण हिकडं, आटवून बघू."

"नुसता दगड हाय, काका."

"मी म्हणत व्हतो की," असं म्हणून ते तुमच्या फोटोकडं बघून हसले. वाईट मनानं नव्हे.

आटवला तर विषारी धूर होईल, एवढं सांगितलं असतं तरी ते थांबले असते. पण मग त्यांनी विचारलं असतं, काळा कशानं झाला?

काल दगड कॉलेजच्या प्रयोगशाळेला देऊन आले. काकांना सांगितलं, टाकून दिला.