बोटीच्या तळाचं ठिगळ

९ मार्च, रविवार

प्रिय ठोंब्यास,

ताईचा आशीर्वाद. तो नको असेल तर नुसतंच ताईचं पत्र आलंय असं समज. इकडे सगळे बरे आहेत. आईच्या डोळ्यात दिवसातून तीनदा थेंब घालायला सांगितलेत, ती दोनदाच घालू देते आणि तिसऱ्या वेळी झोपेचं सोंग घेते. बाबा वॉकर धरून अंगणात वीस फेऱ्या मारतात. म्हणजे मारतात सोळा, सांगतात वीस. माझे गुडघे कुरकुरतात, पण त्यांना विचारतंय कोण.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर मी तब्येत विचारते, ऊनपावसाचं बोलते आणि ठेवून देते. तूही तेच करतोस.

बातमी म्हणजे, बोट दुरुस्तीला काढली आहे. हो, तीच. चार वर्षं ताडपत्रीखाली अर्धं अंगण अडवून बसली होती. डॉक्टर म्हणाले यांना मोकळ्या जागेत चालवा, आणि मोकळी जागा तर तिनेच खाल्लेली. मी म्हटलं तोडून भंगारात देऊ. बाबा म्हणाले, "तोडू नकोस." आता तोडायची नाही, ठेवायची नाही, म्हणजे दुरुस्तच करायची. आणि फायबरचं काम या घरात येतं कुणाला? एकवीस वर्षं पाण्याच्या टाक्यांच्या कारखान्यात फायबर चिकटवायचं रेझिन फासलं, तिथून सुटले तर घरी हे पुढ्यात.

शेजारच्या वेल्डरने माणसं आणून बोट पालथी करून दिली. मी सकाळी दोन तास आणि चहानंतर दोन तास घासते. मास्क लावला तरी काचेची धूळ कुठून आत शिरते देव जाणे. मानेला, कोपराच्या लवणीत अशी खाज सुटते की भिंतीला पाठ घासावीशी वाटते. आई मला दारातच उभी करते आणि केरसुणीने झटकते, मगच घरात घेते. पंचविशीत हे काम मी गाणी म्हणत करायचे. आता ग्राइंडर खाली ठेवला की तो परत उचलायला मनाची तयारी करावी लागते. दमते रे मी.

बाकी विशेष काही नाही.

मंगळवार

"बाकी विशेष काही नाही" असं लिहून कागद डब्याखाली ठेवून दिला होता. हात दुखत होता असं सांगणार होते. हात दुखतोच, पण थांबले ते त्याच्यामुळे नाही.

तुझ्या बायकोचा फोन आला होता. तिच्यावर चिडू नकोस, बिचारी घाबरत घाबरत बोलत होती. म्हणाली, फेरीबोट चालवायचं काम तुला घरी चालून आलं. ते लोक महिनाअखेरपर्यंत वाट बघणार आहेत, पण तू नाही म्हणून बसला आहेस. तिने खोदून विचारलं तेव्हा तू म्हणालास, "माझ्या हातून एकदा बोट आपटली आहे. बापाला लंगडं केलंय मी. माणसं भरलेली बोट माझ्या हातात कशाला देता?"

हे ऐकल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. हॉस्पिटलच्या बाकावर ओल्या कपड्यांत बसून तू येईल त्याला सांगत होतास की मी कशालाच धडकलो नाही, खडक डाव्या हाताला लांब होते. कुणीही ऐकलं नाही. बाबांनी तर तोंडच फिरवलं. पण तुला स्वतःला तरी ठाऊक होतं. आता तूही त्यांच्यासारखंच म्हणायला लागलास. लहानपणापासून चिकटपणे हुज्जत घालणारा तू, इथेच कशी हार मानलीस?

आता कामाचं सांगते. नीट वाच.

अपघाताच्या आधीच्या वर्षी धक्क्याच्या लोखंडी गजाने बोटीच्या तळाला, पुढच्या बाजूला वीतभर भोक पडलं होतं, ते मी बुजवलं होतं. आठवतं? मी केवढी मिरवले होते. बाबा धक्क्यावर सगळ्यांना सांगत सुटले होते, लेकीचा हात बघा, कुठे जोड आहे ते शोधून दाखवा.

टाकीचं काम कसं असतं, साचा कोरडा, माल कोरडा, सगळं नवं. पाणी प्यायलेल्या वस्तूवर मी उभ्या आयुष्यात काम केलं नव्हतं. बोटीच्या तळाला फायबरच्या दोन थरांच्या मधे लाकडाची फळी असते, हे मला माहीत होतं. ती फळी भोकातून महिनाभर पाणी पीत होती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. वरून हात फिरवला, कोरडं लागलं, पॉलिश पेपर मारला आणि रविवारी दुपारी तीन थर चढवून मोकळी झाले. धक्क्यावरचा म्हातारा सुतार म्हणाला होता, पोरी, पंधरा दिवस उन्हात पडू दे तिला. मी मनात म्हटलं, हा लाकडाचा माणूस, याला फायबरमधलं काय कळतंय. ओलाव्यावर रेझिन धरत नाही. वरून दगडासारखं होतं, आतून सुटलेलं असतं.

त्या दिवशी "धाड" आवाज झाला, तो खडकाचा नव्हता. पाण्याच्या जोराने माझं ठिगळ सोलून निघालं, त्याचा होता. बोट भरायला लागली, तू काठाकडे वळवलीस, ओल्या फळीवर बाबांचा पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. तू वळवली नसतीस तर तुम्ही दोघेही गेला असतात.

तू म्हणशील, ताईला हे आता घासताना कळलं. तसं असतं तर हे पत्र मी रविवारीच पुरं केलं असतं.

मला त्याच संध्याकाळी कळलं. बोट ओढून आणली तेव्हा मी वाकून पाहिलं. खडकावर आपटली की फायबर फाटतं, काचेचे धागे बाहेर लोंबतात. इथे कडा साफ होती, आणि भोकाभोवती माझ्या पॉलिश पेपरचे ओरखडे जसेच्या तसे, कोरे. रेझिनचा कण चिकटलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळे हॉस्पिटलात होतात. मी ग्राइंडर लावला आणि चारही बाजूंनी हातभर घासून काढलं. वेल्डरने विचारलं, एवढ्यात? मी म्हटलं, दुरुस्तीची तयारी. दुरुस्ती अशीच सुरू होते, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. मग ताडपत्री टाकली.

आधी वाटलं, बाबा उठून बसले की सांगू. मग वाटलं, तुझा राग निवला की सांगू. मग तू गावच सोडलंस, आणि माझ्या तोंडाला कुलूप बसलं ते बसलंच. मला भीती वाटत होती रे. या घरात माझं कौतुक म्हणजे माझा हात, दुसरं काय होतं माझ्याकडे?

गुरुवार

आज सकाळी बाबांना सांगितलं. ते फेऱ्या मारत होते, मी फळीचा कुजका भाग काढत होते. चार वर्षांनीही आत ओल होती. तो तुकडा त्यांच्या हातात दिला आणि सगळं सांगून टाकलं, ग्राइंडरचंसुद्धा.

त्यांनी तुकडा दाबला, बोटाला पाणी आलं. मी खुर्ची आणून दिली. मला वाटलं आता वॉकर उचलून मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग म्हणाले, "म्हणजे चार वर्षं मी चुकीच्या पोराशी अबोला धरला."

नंतर त्यांनी तुला फोन लावायला सांगितला. लावला तर स्वतःच बंद करून टाकला. म्हणाले, काय तोंडाने बोलू, तू आधी लिही. मी लिहितेच आहे म्हटलं. तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत. ते मला सोसायलाच हवं. आई मात्र दोन्ही खोल्यांतून ये-जा करत रडते आहे.

मी माफी मागणार नाही. माफी मागितली की तुला ती द्यावी लागेल किंवा नाकारावी लागेल, आणि हे कामही तुझ्याच गळ्यात पडेल. घरी ये असंही म्हणत नाही. तुला वाटलं तर येशील. बोट अजून तीन आठवडे वाळवणार आहे, सुताराला विचारूनच पहिला थर चढवीन.

फक्त एक ऐक. महिनाअखेरीला अजून दिवस आहेत. त्या फेरीबोटवाल्यांना हो म्हण. त्यांना शंका असेल तर हे पत्र वाचायला दे, नाहीतर मी येते आणि त्यांच्यासमोर उभी राहून सांगते. तुझ्या हातून कधीच काही आपटलं नाही.

चार वर्षं तुझ्याआड लपलेली,
तुझी ताई